सयामी मांजर घेताय? रंगाचं सगळ्यात शेवटी विचारा

सयामीचं पिल्लू घ्यायचं ठरलं की लोकांचा पहिला प्रश्न रंगाचा असतो. सील पॉइंट, म्हणजे कान-तोंड-पंजे-शेपूट काळपट तपकिरी असलेलं, घेऊ की ब्लू? लायलॅक मिळेल का कुठे? डोळे गडद निळे हवेत हं, फिकट नकोत. पिल्लू दिवसभर कुणाबरोबर राहणार, असं मी विचारलं की समोरून थोडा वेळ काहीच येत नाही. मग उत्तर येतं, ‘मांजरच आहे ना, राहील की एकटं.’ नाही राहत. सयामी तर मुळीच राहत नाही. या जातीवर माझा जीव आहे, आणि ही मांजरं ज्या कारणांनी घरातून काढली जातात ती कारणं ऐकून ऐकून मला पाठ झाली आहेत. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी रंगाचंच बघू, कारण ती भानगड खरोखर विलक्षण आहे. सयामी पिल्लू जन्मतं तेव्हा जवळजवळ पांढरं असतं. भावंडं सगळी सारखीच दिसतात, कोणतं कोणत्या रंगाचं होणार ते सांगता येत नाही. मग हळूहळू कानांच्या कडा, नाक, शेपटी मळकट दिसू लागतात आणि पुढे गडद होत जातात. केसात रंगद्रव्य तयार करण्यासाठी टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. सयामीच्या जनुकात एक बदल असल्यामुळे हे एन्झाइम शरीराच्या नेहमीच्या उबेत, म्हणजे ३८-३९ अंश सेल्सिअसला, जवळपास बंद पडतं आणि जरा गार भागातच काम करतं. आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब, म्हणून पिल्लू पांढरं. बाहेर आल्यावर कान, तोंड, पंजे आणि शेपूट लवकर गार पडतात, म्हणून रंग तिथेच धरतो. पाठपोट उबदार राहतं, ते फिकट राहतं.

१९३० साली इलिन आडनावाच्या दोन रशियन संशोधकांनी हे प्रयोग करून दाखवलं होतं. सयामीच्या अंगावरचे केस काढून तो भाग गार ठेवला की नवे केस गडद येतात. मला त्यासाठी प्रयोगशाळेत जावं लागलं नाही. आमच्या मैनेची, म्हणजे आमच्या सयामी मांजरीची, नसबंदी झाली तेव्हा डॉक्टरांनी कुशीवरचा चौकोनी तुकडा भादरला होता. तिथे केस आले ते कॉफीच्या रंगाचे, आणि चौकोनाच्या कडा इतक्या सरळ की कुणी पट्टी ठेवून रंगवलंय असं वाटावं. उघडी पडलेली कातडी गार होती, म्हणून तिथे एन्झाइम जागं झालं. पुढे केस गळून नवे आले आणि तो चौकोन आपोआप पुसला गेला. वय वाढेल तशी अंगाची छटाही गडद होत जाते, आज साय दिसणारी पाठ काही वर्षांनी बदामी होते. तेव्हा दोन महिन्यांच्या पिल्लाच्या फोटोतला रंग हाच कायमचा रंग समजून कुणी पैसे मोजू नयेत.

मूळ रंग सील, म्हणजे काळपट तपकिरी. तोच रंग एका वेगळ्या जनुकामुळे पातळ झाला की ब्लू, म्हणजे निळसर राखाडी. आणखी एका जनुकाने तपकिरी उजळली की चॉकलेट, आणि ही दोन्ही जनुकं एकत्र आली की लायलॅक, किंचित गुलाबी झाक असलेला राखाडी. तांबूस, कासवरंगी आणि पट्टेवाले सयामी नंतर आले, विसाव्या शतकात इतर मांजरांशी मुद्दाम संकर करून. अमेरिकेतल्या एका मोठ्या नोंदणी संस्थेने कित्येक वर्षं पहिल्या चारांनाच सयामी मानलं आणि बाकीच्यांना वेगळं नाव दिलं. ब्रिटनमध्ये तसं नाही. यावर माणसं हिरिरीने भांडतात. मला त्यात पडायचं नाही. लायलॅक शांत आणि सील भांडखोर असं सांगणारा विक्रेता भेटला तर मात्र तिथून उठून या. स्वभाव जातीचा आहे, आणि त्यातही घराण्याचा आणि संगोपनाचा.

आता ही जात आली कुठून ते बघू. थायलंडमध्ये, म्हणजे जुन्या सयाममध्ये, ‘तम्रा मेओ’ नावाची मांजरांवरची सचित्र पद्यं आहेत. घडीच्या कागदी पोथ्यांवर ती लिहिलेली. त्यांची परंपरा सयामच्या अयुथ्थया या जुन्या राज्याच्या काळापर्यंत मागे नेली जाते, आज हाती असलेल्या प्रती बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या. त्यात सतरा शुभ आणि सहा अशुभ मांजरांची लक्षणं सांगितलेली असतात. आपल्या सयामीचं तिथलं नाव विचियनमात. अंग पांढरं, आणि तोंड, दोन कान, चार पंजे, शेपूट एवढी ठिकाणं काळी. तिच्या बरोबरीने चांदीच्या झाकेची कोरात आणि तांब्याच्या रंगाची सुपालक याही त्याच पोथ्यांत भेटतात. थायलंडच्या ईशान्य भागात पाऊस लांबला की मांजराला टोपलीत बसवून गावभर मिरवतात आणि घराघरांतून तिच्यावर पाणी शिंपडतात. ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत बेडूक मिरवणाऱ्या आपल्या गावांना हे काही वेगळं सांगायला नको.

राजवाड्याबाहेर हे मांजर कुणाकडे नव्हतंच आणि चोरून नेणाऱ्याला जबर शिक्षा होई, अशा गोष्टी विक्रीच्या जाहिरातींत हमखास असतात. मला त्या पटत नाहीत. ज्या मांजराची लक्षणं पोथ्यांमधून नकलून ठेवली जात होती आणि लोक ती वाचत होते, ते मांजर लोकांमध्ये असणारच. राजकन्येच्या अंगठ्या शेपटीत सांभाळल्या म्हणून शेपटीला गाठ पडली, ही दंतकथा मात्र मला आवडते. जुन्या सयामींच्या शेपटीला खरोखरच गाठ असायची आणि डोळे चकणे असायचे. चकणेपणाचं मूळ त्याच रंगाच्या जनुकात आहे. रंगद्रव्य कमी असल्यामुळे डोळ्यांपासून मेंदूकडे जाणारे काही मज्जातंतू भलत्या बाजूला जोडले जातात. १९८१ साली नोबेल मिळालेल्या डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी सयामीच्या दृष्टीवर काम केलं होतं. प्रजननकारांनी पुढे या दोन्ही गोष्टी निवड करून खूप कमी केल्या.

इंग्लंडमध्ये १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठं मांजर-प्रदर्शन भरलं. तिथे सयामी पहिल्यांदा लोकांसमोर आलं आणि एका पत्रकाराने त्याला दुःस्वप्नातलं मांजर ठरवून टाकलं. अमेरिकेच्या बँकॉकमधल्या वाणिज्य दूताने, डेव्हिड सिकल्स यांनी, १८७८ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष हेस यांच्या पत्नीसाठी एक सयामी भाटी जहाजाने पाठवली. तिचं नाव सयाम. व्हाइट हाउसमध्ये ती काही महिनेच जगली. १८८४ मध्ये ब्रिटिश वाणिज्य दूत गूल्ड यांनी फो आणि मिया ही जोडी बँकॉकहून आपल्या बहिणीसाठी नेली. पुढच्याच वर्षी त्यांची पिल्लं क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकली आणि लगेचच दगावली. उष्ण देशातली ही मांजरं तिकडच्या थंडीत आणि रोगांत टिकत नव्हती, तरी माणसं आणत राहिली. कौतुक आधी आणि जीव नंतर, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे.

प्रदर्शनांनीच पुढे या जातीचं रूप पालटलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे फोटो बघा, गोल डोक्याचं, भरल्या अंगाचं मांजर दिसेल. नंतर परीक्षकांना लांबुळकं आवडू लागलं आणि प्रजननकारांनी प्रत्येक पिढीत आणखी ताणलं. आजचं प्रदर्शनातलं सयामी म्हणजे त्रिकोणी तोंड, प्रचंड कान आणि नळीसारखं अंग. जुन्या वळणाचं मांजर जपणाऱ्यांना स्वतःची वेगळी वाट धरावी लागली. १९९० मध्ये वर्ल्ड कॅट फेडरेशनने त्याला ‘थाई’ म्हणून वेगळी जात मानलं. ज्या मांजराची पोथीत नोंद होती त्यालाच स्वतःचं नाव सोडावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं. बक्षिसासाठी प्राण्याचा सांगाडा ओढून लांब करणं मला मान्य नाही. मग ते सयामीचं तोंड असो नाहीतर पर्शियनचं चपटं नाक.

स्वभावापुढे मात्र हे सगळं दुय्यम. सयामी बोलतं. तान्हं बाळ रडावं तसा त्याचा आवाज, खर्जातला आणि दमदार. भूक लागली की बोलतं, दार बंद दिसलं की बोलतं, तुम्ही फोनवर असलात की मध्ये बोलतं, आणि उत्तर दिलं की पुन्हा बोलतं. माणसाच्या मागे मागे खोलीतून खोलीत फिरतं. मैना स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून कुकरची शिट्टी झाली की दर वेळी एक हाक मारते, आणि मी ‘हो गं, ऐकलं’ म्हणेपर्यंत गप्प बसत नाही. दार उघडायला, कडी ओढायला, ड्रॉवरमध्ये पंजा घालायला ही मांजरं फार लवकर शिकतात. हुशार प्राण्याला काम लागतं. काम नसलं की तो स्वतः काम शोधतो आणि ते आपल्या सोयीचं नसतं.

मैना मूळची दुसऱ्या घरातली. तिथे दोघं सकाळी बाहेर पडायची ती रात्री परतायची. रंग फार सुंदर म्हणून आणलेली. ‘फार ओरडते, सोसायटीत तक्रारी येतात’ म्हणून दिली. आमच्याकडे आली तेव्हा पोटावर केस नव्हते, चाटून चाटून स्वतःच काढलेले. आजार निघाला नाही. एकटेपणा होता. स्वेटरची बाही तोंडात धरून ती तासन् तास चोखत बसायची. लोकर चोखण्याची आणि चावण्याची ही सवय सयामी आणि तिच्या नात्यातल्या जातींत बरीच दिसते, आणि ती नुसती गंमत नाही. धागा गिळला तर आतड्यात अडकतो आणि पोट उघडायची वेळ येते. घरात माणसं आली, खेळ आला, तसे तिचे केस परत आले. स्वेटर मी अजूनही कपाटात कडीकुलपात ठेवते.

आपल्याकडे सयामी म्हणून जी पिल्लं विकली जातात त्यातली लांब केसांची पिल्लं सयामी नसतातच, हे तर कुणालाही ओळखता येईल. सयामीचे केस आखूड आणि अंगाला चिकटलेले. पर्शियनशी संकर झालेल्या मांजरालाही निळे डोळे आणि काळं तोंड मिळतं, कारण हे जनुक दोन्ही आईबापांकडून आलं की रंग दिसतो, मग बाकीचं मांजर कसं का असेना. अशा मांजरात काही वाईट नाही, फक्त त्याला दुसऱ्या नावाने विकू नये. आईबाप दाखवायला जो तयार नाही त्याच्याकडून काहीच घेऊ नका. आणि आठ आठवडेही न झालेलं पिल्लू ‘पटकन सवय होते’ म्हणून कुणी हातात ठेवत असेल तर तो खोटं बोलतोय. आईजवळ, भावंडांत बारा आठवडे राहिलेलं पिल्लू पुढे कमी चावतं आणि कमी भेदरतं.

घर दिवसभर रिकामं असेल तर सयामी घेऊ नका. घ्यायचंच असेल तर जोडी घ्या, दोन भावंडं मिळाली तर उत्तम. नसबंदी लांबवू नका. या जातीच्या भाट्या पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकतात, आणि त्या वेळचा आवाज चार मजल्यांना ऐकू जातो. शिवाय सयामींमध्ये स्तनांच्या गाठींचा धोका इतर मांजरांपेक्षा जास्त असतो, आणि सहा महिन्यांच्या आत नसबंदी केली तर तो खूपच कमी होतो. हे आपल्या व्हेटला विचारून वेळेत उरका.

आणि पिल्लूच हवं हा हट्ट सोडता आला तर सोडा. ‘फार ओरडतं’ म्हणून दिलेली दोन-तीन वर्षांची मांजरं शहरोशहरी जागा शोधत असतात. असं मांजर आणलंत तर पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा, तिथेच खाणं, तिथेच मातीचा ट्रे, आणि संध्याकाळी तुम्ही स्वतः तिथे जाऊन बसा. रात्री ते ओरडणारच. शेजारच्यांना आधी सांगून ठेवा, आणि त्याने हाक मारली की ओ द्या.