खाकी, सावली आणि किल्ल्यावरचा मावळा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

छोट्या प्रतिकृतीतला पहिला जवान कसा रंगवावा, या माझ्या लेखावर आपण निपाणीहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप असे : सैन्याची खाकी एकाच रंगाची असताना चुण्यांत गडद आणि उंचवट्यांवर फिकट रंग भरणे म्हणजे जवानाला नाटकातला मेकअप करणे होय, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आपण एका दुपारी रंगवत होता आणि ते उठून दिसत, डोळ्यांचा पांढरा भाग रंगवू नका असे सांगून मी आंधळे जवान करवून घेतो, आणि माझा लेख वाचून आपल्या नातवाने जुलैत मारलेला स्प्रे प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) खरबरीत झाला.

सावलीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. १:३५ प्रमाणातला, म्हणजे खऱ्या माणसाच्या पस्तिसाव्या भागाएवढा जवान साधारण पाच सेंटिमीटर उंच असतो आणि आपण तो घरात, बहुधा चार फुटी ट्यूबखाली पाहतो. जवानाच्या मापाने हिशेब केला, तर ती ट्यूब १४० फूट लांबीची होते. एवढ्या पसरट उजेडात, शिवाय भिंतींवरून परतणाऱ्या उजेडात, बाहीच्या चुणीत सावली ठरत नाही; आभाळ भरून आले की अंगणात आपली सावली दिसेनाशी होते, तसेच हे आहे. माझा जवान १९४४ च्या जुलैमधला, इटलीत लढणारा मराठा शिपाई आहे. त्याच महिन्याच्या १० तारखेला नाईक यशवंत घाडगे यांनी टायबरच्या वरच्या खोऱ्यात जो पराक्रम केला, त्यासाठी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या मराठा रेजिमेंटचे केंद्र १९२२ पासून आपल्या बेळगावात आहे, म्हणून हा शिपाई रंगवताना माझा हात अधिक जपून चालतो. भर उन्हात हेल्मेटच्या कडेखाली त्याचा निम्मा चेहरा सावलीत असणार आणि ते ऊन ट्यूबखाली रंगानेच आणावे लागते. तोच जवान उन्हात ठेवलात तर सावल्या आपोआप पडतील, तेथे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

यात मेकअपइतका रंग लागतही नाही. गडद तपकिरी रंगाचा एक थेंब भरपूर पाण्यात मिसळावा, ब्रश कागदावर निथळून घ्यावा आणि त्याचे टोक कॉलरच्या कडेला नुसते टेकवावे. रंग स्वतःहून शिवणीत उतरतो आणि बटणाभोवती केसाएवढे कडे धरतो. तो पूर्ण वाळल्यावर मूळ खाकीत किंचित क्रीम रंग मिसळून खांदे आणि गुडघे यांवरून एक हलका हात फिरवला की पुरे.

डोळ्यांविषयी आपण गणपतीच्या आखणीचा दाखला दिलात, तो मला फार आवडला. परंतु मूर्तीसमोर उभा राहणारा भक्त देवाच्या नजरेला नजर देण्यासाठी आलेला असतो, म्हणून मूर्तिकाराचा सारा जीव त्या आखणीत असतो. आपला जवान एका फुटावरून पाहणे म्हणजे खरा माणूस ३५ फुटांवरून पाहणे आहे. तेवढ्या अंतरावरून भुवईखालचा गडद पट्टाच आधी दिसतो. त्यातून प्रतिकृतीतला डोळा एक मिलिमीटरही रुंद नसतो. नवशिक्याने त्यात पांढरा ठिपका दिला की जवान दचकल्यासारखा दिसू लागतो. चार-पाच जवान झाल्यावर डोळे जरूर रंगवावेत, आणि तेही चेहऱ्याच्या आधी, म्हणजे बाहेर गेलेला रंग नंतर झाकता येतो.

प्रायमरच्या बाबतीत मात्र चूक माझी आहे. लेख मी मार्चमध्ये लिहिला आणि पावसाळ्याचा विचारच केला नाही. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत स्प्रे मारला की थर रव्यासारखा दाणेदार वाळू शकतो. अशा दिवसांत ब्रशने लावायचा प्रायमर घ्यावा, पातळ हात द्यावेत आणि दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी. लेखात मी आजच तशी दुरुस्ती करतो. नातवाने तो जवान टाकून देऊ नये. कोरड्या जुन्या टूथब्रशने हलके घासल्यास वरचे दाणे बरेच निघतात.

मावळ्यांचे आपले उदाहरण खोडून काढावे असे मला वाटत नाही. ते अंगणात, उन्हात आणि उभ्याने पाहिले जातात, त्यामुळे तेथे सपाट, झगझगीत रंगच शोभतात. उलट त्यातून मला एक गोष्ट सुचली : नातवाला पुढचा सराव मातीच्या मावळ्यावर करू द्यावा. भाजलेली माती पाणी शोषते, म्हणून आधी प्रायमरचे दोन हात द्यावे लागतील. पण चुण्या मोठ्या असल्याने रंग कोठे उतरतो आणि कोठे थांबतो, हे त्याला स्पष्ट दिसेल. एक मावळा आपण आपल्या पद्धतीने रंगवावा, एक त्याने या पद्धतीने, आणि दोन्ही आधी अंगणात व मग ट्यूबखाली शेजारी ठेवून आपल्याला काय दिसले, ते मला अवश्य कळवावे.