दोन पानांचा रेझ्युमे म्हणजे अपमान? एका प्रतिक्रियेला उत्तर

सीनियर लोकांनी रेझ्युमे दोन पानांत बसवा आणि कामाचे आकडे टाका, असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर सर, तुम्ही लिहिलंय, "२४ वर्षं टीटीसी एमआयडीसीत (नवी मुंबईची औद्योगिक वसाहत) घाम गाळला तो दोन पानांत कोंबायचा? आणि कंपनीचे आकडे बाहेर दिले तर नोकरी तुम्ही देणार का?" चिडलायत ते कळतंय, पण अर्धं बरोबर बोललात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आकड्यांचं तुमचं खरंच बरोबर, मी घाईत "आकडे टाका" एवढंच लिहून मोकळी झाले. मार्जिन, कॉस्टिंग, कस्टमरचं नाव हे नाहीच टाकायचं, जॉइन होताना बहुतेकदा एनडीएवर, म्हणजे गोपनीयतेच्या करारावर, सही केलेली असते. पण हाताखाली माणसं किती, प्लांट किती, बजेटवर सही तुमची की साहेबांची, हे सांगता येतं की. अगदीच अडचण असेल तर टक्क्यांत लिहा.

आता दोन पानांचं. मागच्या महिन्यात मावसभावाचा रेझ्युमे बघितला, रबाळ्याला मेंटेनन्स हेड आहे, साडेपाच पानं! वडिलांचं नाव, जन्मतारीख, दहावीचे टक्के, शेवटी ते "वरील माहिती खरी आहे" वालं डिक्लरेशन, ठिकाण ठाणे. आणि चारही नोकऱ्यांत एकच ओळ, "रिस्पॉन्सिबल फॉर प्लांट मेंटेनन्स". म्हटलं दादा, हे तर तुझ्या हाताखालचा पोरगापण लिहील. मग चहा उकळेपर्यंत ओट्यापाशी उभं करून एवढंच विचारलं, तुझ्यावाचून काय अडलं असतं? तर म्हणतो, वर्षाचं शटडाऊन (दुरुस्तीसाठी प्लांट बंद) १४ दिवस चालायचं, मी परचेसवाल्यांशी भांडून स्पेअर्स तीन महिने आधी मागवायला लावले, तेव्हा कुठे ९ दिवसांवर आलं. साडेपाच पानांत हे कुठेच नव्हतं हो.

जुन्या नोकऱ्या पुसा असं मी म्हणत नाहीये, कंपनी, हुद्दा, साल, एकेक ओळ पुरे, बाकी जागा शेवटच्या दहा-बारा वर्षांना. आणि रेझ्युमेत टेबल केलं असेल तर ते काढाच, दिसतं छान पण नोकरीच्या पोर्टलवर टाकलं की बऱ्याच सॉफ्टवेअरना टेबल नीट वाचता येत नाही, मोबाईल नंबर हेडरमध्ये असला तर कधीकधी तोच गायब.

राहिलं ते नेहमीचं, "सीनियरला नोकरी ओळखीनेच लागते". लागते ना, पुष्कळदा. पण ओळखीचा माणूसही तुमची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलतो आणि समोरचे साहेब ती ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत मागे बसून फोनवर उघडतात, पाचव्या पानापर्यंत कोण जातंय.

तुमच्यावाचून काय अडलं असतं ते इथेच खाली लिहा, कंपनीचं नाव न घेता. रविवारी बसून त्याच्या दोन ओळी करून देते.