गाडीच्या लायसन्सवर स्कूल बस चालवता येते का?

इंदूरच्या रामबागेतल्या पालकांच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: "सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, साध्या कारच्या लायसन्सवर आता कुठलीही स्कूल बस चालवता येते." हे अर्धवट आहे, आणि मुलांच्या बाबतीत अर्धवट माहिती धोक्याचीच.

६ नोव्हेंबर २०२४ चा तो निकाल खरा आहे. पण त्यात मर्यादा आहे: हलक्या वाहनाचं, म्हणजे साध्या कारचं लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतच्या व्यावसायिक वाहनासाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागत नाही. हे वजन रिकाम्या गाडीचं नाही बरं का, प्रवासी-सामानासकट धरलेलं एकूण वजन. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, ते छापलेलं असतं. आपल्या गल्लीत येणारी व्हॅन त्यात सहज बसते. मोठी पिवळी बस मात्र बहुतेक वेळा त्याच्या वर जाते, तिला पूर्वीसारखंच त्या वर्गाचं लायसन्स हवं.

आणि लायसन्स म्हणजे सगळं नव्हे. १९९७ साली दिल्लीतल्या शाळांच्या बसेससाठी याच कोर्टाने चालकाला किमान पाच वर्षांचा अनुभव मागितला होता. भरधाव वा दारू पिऊन चालवल्याचं एकही चालान झालेला माणूस नको, असंही सांगितलं होतं.

५ जानेवारी २०१८ ला आपल्याच बायपासवर स्कूल बसच्या अपघातात मुलं गेली. इंदूरकर ते विसरलेले नाहीत. म्हणून उद्या सकाळी बस थांबली की चालक दादांना नमस्कार करून विनंती करा, लायसन्स दाखवा म्हणून. वाहनाचा वर्ग आणि मुदत, दोन्ही बघा. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.