‘रग्बी रक्तातच असावी लागते’ या संदेशाला उत्तर

प्रशांत महासागरातील मूठभर लोकवस्तीची बेटे रग्बीत भल्याभल्या देशांना धूळ चारतात, कारण त्यांच्या नसांत योद्ध्यांचे रक्त आहे, असे सांगणारा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. शेवटी ‘भारतीयांनी हा नाद सोडावा’ असा सल्लाही आहे. एरवी मी तो न वाचताच पुसून टाकला असता. परंतु माझ्या मावसबहिणीने तो वाचून, शाळेच्या रग्बी संघात नुकत्याच निवडल्या गेलेल्या आपल्या मुलाला ‘हा आपल्या अंगाचा खेळ नाही’ असे सुनावले, तेव्हा उत्तर देणे भाग पडले.

रक्ताचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकी सगळे त्याच खुंटीवर टांगलेले आहे. सामोआची बेटे 1899 मध्ये जर्मनी आणि अमेरिका यांनी आपसांत वाटून घेतली. पश्चिमेकडचा भाग 1914 मध्ये न्यूझीलंडच्या ताब्यात गेला आणि 1962 मध्ये स्वतंत्र झाला. पूर्वेकडचा भाग आजही अमेरिकेकडे आहे. दोन्हीकडची माणसे एकाच वंशाची, भाषा एकच आणि सोयरीकही आपसांतलीच. न्यूझीलंडच्या अमलाखाली पश्चिमेकडे रग्बी रुजली आणि त्या देशाने 1991 च्या विश्वचषकात कार्डिफला जाऊन वेल्सला 16-13 असे हरवले. अमेरिकन सामोआतली मुले मात्र शाळेपासून अमेरिकन फुटबॉल खेळतात, एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगची स्वप्ने पाहतात आणि त्यांचा संघ रग्बीच्या विश्वचषकात आजवर एकदाही दिसलेला नाही. ताहितीचे लोकही पॉलिनेशियनच, पण राज्य फ्रान्सचे. तिथे फुटबॉल खेळला जातो आणि 2013 च्या कॉन्फेडरेशन्स चषकात स्पेनने ताहितीवर दहा गोल चढवले होते. रक्त जर खेळ ठरवत असेल, तर या तिन्ही ठिकाणी त्याने तीन वेगवेगळे निर्णय का दिले, याचे उत्तर संदेशकर्त्याने द्यावे.

युरोपातल्या छोट्या देशांचा तर संदेशात उल्लेखही नाही. आयर्लंडला न्यूझीलंडविरुद्ध पहिला विजय मिळायला 1905 पासून 2016 पर्यंत थांबावे लागले आणि पुढे सहाच वर्षांत त्यांनी न्यूझीलंडमध्ये जाऊन मालिका जिंकली. या काळात आयरिश माणसाचे रक्त बदलले नव्हते. 1995 मध्ये खेळ व्यावसायिक झाल्यावर त्यांच्या संघटनेने चार प्रांतांचे चार संघ पक्के केले आणि खेळाडूंशी स्वतः करार करून त्यांना घरी ठेवले. उलट वेल्सचा राष्ट्रीय संघ जुलै 2025 मध्ये जपानला हरवेपर्यंत सलग 18 कसोटी (आंतरराष्ट्रीय) सामने हरला. तोही योद्ध्यांचाच देश होता, असे मी ऐकून आहे.

संदेशातला सर्वांत घातक मुद्दा फिजीतील भारतीयांचा आहे. ‘सव्वाशे-दीडशे वर्षे तिथे राहूनही ते रग्बी संघात नाहीत, म्हणजे हे आपल्या रक्तातच नाही,’ असा निष्कर्ष त्यात छातीठोकपणे काढलेला आहे. 1879 ते 1916 या काळात 60 हजारांहून अधिक गिरमिटिया (करारबद्ध) मजूर उसाच्या मळ्यांसाठी फिजीत नेण्यात आले. ब्रिटिश राजवटीने मूळ फिजियन लोकांना गावांत आणि भारतीयांना मळ्यांच्या पट्ट्यात असे वेगळे ठेवले, त्यामुळे शाळाही बहुतांशी वेगळ्या राहिल्या. रग्बी फिजियन शाळांत, पोलिसांत आणि लष्करात वाढली, तर भारतीयांनी 1938 मध्ये स्वतःची फुटबॉल संघटना उभारली आणि जिल्ह्याजिल्ह्यांचे सामने भरवले. त्याच परंपरेतला रॉय कृष्णा पुढे कोलकात्याकडून इंडियन सुपर लीगमध्ये खेळला, हे आपल्याकडच्या फुटबॉलप्रेमींना ठाऊक आहेच. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये फिजीने रग्बी सेव्हन्सचे (सात-सात जणांच्या रग्बीचे) सुवर्ण जिंकले, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये फिजीच्या फुटबॉल संघाचा एकमेव गोल मेक्सिकोविरुद्ध या रॉय कृष्णाने केला. दोन समाजांना दोन वेगळी मैदाने देऊन ठेवायची आणि शंभर वर्षांनी त्यालाच अनुवंश म्हणायचे, हा उफराटा न्याय आहे.

शरीरयष्टीचा काहीच संबंध नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. वजन आणि उंचीचे प्रमाण सारखे असतानाही पॉलिनेशियन लोकांच्या अंगात युरोपियनांपेक्षा सरासरीने स्नायूंचा वाटा अधिक असतो, असे न्यूझीलंडमधील अभ्यासांत आढळले आहे, आणि धडकाधडकीच्या खेळात त्याचा फायदा होतो. एवढे मान्य. पण तेवढ्याने भागत असते तर टोंगा एकदा तरी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत दिसला असता.

हाका म्हणजे न्यूझीलंडचा संघ सामन्याआधी करतो ते युद्धनृत्य; त्याच्या जोरावर संघ जिंकतो, या मुद्द्याला दोन ओळी पुरेत. न्यूझीलंडप्रमाणेच टोंगा, सामोआ आणि फिजी हे तिन्ही संघ सामन्याआधी आपापले युद्धनृत्य करतात. या चौघांपैकी विश्वचषक मात्र एकट्या न्यूझीलंडने जिंकलेला आहे.

‘पैसा लागत नाही, ते वाळूत अनवाणी खेळून जिंकतात’ हे वाक्य वाचायला गोड आहे. फिजीची दोन्ही ऑलिंपिक सुवर्णपदके सात जणांच्या झटपट खेळातली आहेत, आणि तीही बेन रायन आणि गॅरेथ बेबर या बाहेरून आणलेल्या व्यावसायिक प्रशिक्षकांच्या हाताखाली मिळालेली. पंधरा जणांच्या खेळात स्क्रम (दोन्ही संघांची एकमेकांना भिडून चेंडूसाठीची रेटारेटी) आणि लाइनआउट (रेषेबाहेर गेलेला चेंडू रांगेत उभे राहून उंच झेलणे) बसवायला एकच चमू महिनोन्महिने एकत्र लागतो, आणि फिजीचे खेळाडू पोटासाठी युरोपभर विखुरलेले होते. 2022 मध्ये फिजियन द्रुआ हा संघ सुपर रग्बी या व्यावसायिक स्पर्धेत आला, बऱ्याच खेळाडूंना मायदेशी राहून पगार मिळू लागला, आणि पुढच्याच वर्षी विश्वचषकात फिजीने ऑस्ट्रेलियाला 22-15 असे नमवले. त्याआधीचा असा विजय 1954 मधला होता.

शेवटचा आरोप असा की न्यूझीलंड बेटांवरचे खेळाडू चोरतो. यात अर्धे सत्य आहे. तिथल्या शाळा शिष्यवृत्ती देऊन बेटांवरून मुले नेतात, हे खरेच. पण संदेशात ‘चोरलेला’ म्हणून मिरवलेला न्यूझीलंडचा खेळाडू जोना लोमू ऑकलंडमध्येच जन्मला होता, आणि 2018 च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये सामोअन वंशाचे सुमारे 1 लाख 80 हजार लोक होते, म्हणजे जवळजवळ सामोआच्या लोकसंख्येइतके. खरा अन्याय नियमांत होता. एका देशाकडून खेळलेल्याला दुसऱ्याकडून खेळण्याची वाट जवळजवळ बंद होती. तीन वर्षांच्या खंडानंतर जन्माच्या किंवा आई-वडील, आजी-आजोबांच्या देशाकडून खेळण्याची मुभा 2022 मध्ये मिळाली. त्यामुळेच 2015 मध्ये ऑल ब्लॅक्सच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाच्या, विश्वविजेत्या चमूत असलेला, टोंगात जन्मलेला मलाकाई फेकिटोआ 2023 च्या विश्वचषकात टोंगाकडून उतरू शकला. दुसरा अन्याय सामन्यांच्या वाटपाचा. बड्या संघाचा पाहुणा सामना म्हणजे तिकिटे, प्रक्षेपण आणि प्रायोजक; तो मिळत नसेल तर छोट्या देशाच्या संघटनेकडे खेळाडूंना द्यायला पैसाच उरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या सामोअन वंशाचे खेळाडू खेळवणारा ऑल ब्लॅक्सचा संघ सामोआच्या भूमीवर पहिला कसोटी सामना खेळला तो जुलै 2015 मध्ये, आपियाला.