किनवट शाखा बंद कशी ठेवावी

समजा, लातूरच्या एका पतसंस्थेने नांदेडची पतसंस्था पदरात घेतली. पेढे वाटून झाले, फोटो झाला, आणि जाता जाता चेअरमन साहेब तुम्हाला म्हणाले, "तेवढं नेटवर्कबी एक करून टाका." राऊटर एकमेकांना वाटा सांगतात त्या भाषा दोन्हीकडे वेगळ्या: लातुरात ओएसपीएफ. नांदेडात रिप, ज्याची कुंडली 1988 सालच्या आरएफसी 1058 या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात मांडलेली आहे. दोघांना एकमेकांचं कळत नाही, म्हणून मधे दुभाष्या लागतो. एकाच्या वाटा, म्हणजे रूट, दुसऱ्याच्या भाषेत सांगायच्या, याचंच नाव रूट रिडिस्ट्रिब्युशन. या कामात पुढची दहा वर्षं संस्थेला तुमच्यावाचून करमू नये, असं वाटत असेल तर पुढचं नीट वाचा.

दुभाष्या एक नेमू नका, दोन नेमा. अहमदपूरला एक राऊटर, उदगीरला एक. कुणी विचारलंच तर "बॅकअप" म्हणायचं. या शब्दाला आपल्याकडे कुणी हरकत घेत नाही, जेसीबीने तोडलेली केबल सगळ्यांनी पाहिलेली असते. मग दोन्ही राऊटरांवर इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सगळं ओतून मोकळं व्हा. गाळणी नको. गाळणी लावणारा माणूस संशयी असतो आणि विलीनीकरण तर विश्वासावर झालेलं आहे.

आता अंतराचा प्रश्न. रिप अंतर मोजतो फाट्यांत (त्यांना हॉप म्हणतात), म्हणजे मधे किती राऊटर लागले. ओएसपीएफ बघतो रस्त्याची रुंदी, म्हणजे लाइनचा वेग. (त्यातही राऊटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीचा मूळ हिशेब 100 एमबीपीएसवर बेतलेला, त्यामुळे 100 ची लाइन आणि 1 जीबीपीएसची लाइन दोन्हींची किंमत 1. गाडीवाट आणि चौपदरी रस्ता एकाच भावात. यालाही हात लावू नका.) फाट्यांची रुंदी काढता येत नाही, म्हणून आकडा तुम्हीच द्यायचा असतो. ओएसपीएफचे रूट रिपमध्ये ओतताना तो दिलाच नाही, तर सिस्को ते अनंत अंतरावर धरतो आणि नांदेडला काही कळतच नाही. हा बिघाड फार लवकर सापडतो, तेव्हा टाळा. सरळ 1 टाका. उलट बाजूला, म्हणजे रिपमधून ओएसपीएफमध्ये ओतताना, काही न लिहिलं तर आपोआप 20 लागतात आणि ते वाटेत वाढतही नाहीत. नांदेडची किनवट शाखा असो की देगलूर, भाडं 20च.

खरी मौज किनवटची. नांदेडहून किनवट तीन हॉपवर आहे असं धरा. अहमदपूरने ते रिपमधून ऐकलं आणि लातूरच्या ओएसपीएफमध्ये सांगितलं. उदगीरच्या कानावर ते दोन्हीकडून आलं, नांदेडच्या रिपकडून आणि लातूरच्या ओएसपीएफकडून. कुणाचं ऐकायचं? राऊटर पत बघतो, म्हणजे कुठल्या भाषेतल्या निरोपाला किती मानायचं याचा ठरलेला आकडा, आणि हा आकडा जितका लहान तितका मान मोठा. ओएसपीएफ 110, रिप 120. नांदेड शेजारी उभं राहून खरं सांगतंय, पण उदगीर ऐकतं लातूरचं. मोठ्या घरचा निरोप ना! मग तोच निरोप उदगीर नांदेडला परत सांगतं: "किनवट ना? माझ्याकडून एका हॉपवर." नांदेड खरी तीन हॉपची वाट सोडून उदगीरच्या नादी लागतं. पॅकेट नांदेडहून उदगीर, उदगीरहून लातूर, लातूरहून अहमदपूर, अहमदपूरहून पुन्हा नांदेड. विंडोजच्या संगणकावरून निघालेलं पॅकेट 128 चं आयुष्य घेऊन निघतं आणि प्रत्येक राऊटरला एक खर्चतं. म्हणजे 32 प्रदक्षिणा घडतात. एवढं पुण्य करून ते गावाबाहेरच मरतं.

त्याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. किनवटची लाइन खरोखरच तुटली तरी हा रूट मरत नाही. रिपमध्ये 15 हॉपपर्यंतच आयुष्य, 16 म्हणजे संपलं. पण आपला रूट 16 ला पोचायच्या आत ओएसपीएफमध्ये जाऊन येतो आणि उदगीरला पुन्हा 1 चा होऊन जन्म घेतो. मतदार यादीतल्या मयत माणसासारखा तो दर वेळी हजर.

तक्रार येईल. "साहेब, नेट चालायलंय, पण किनवट उघडंना गेलंय." अशा वेळी ट्रेसरूट, म्हणजे पॅकेट कुठकुठल्या राऊटरवरून जातं ते दाखवणारी आज्ञा, मारू नका. मारला तर तीच चार गावं 30 ओळी दिसतील आणि तुम्हाला सगळं समजेल. उदगीरच्या राऊटरवर 'शो आयपी रूट' ही राऊटरने धरलेल्या वाटांची यादी तर अजिबात नको, तिथे किनवटपुढे रिपचा आर असायचा तिथे ओ ई2, म्हणजे ओएसपीएफमध्ये बाहेरून आलेला रूट, बसलेला दिसतो. काही खोडसाळ मंडळी रूट ओएसपीएफमध्ये शिरतानाच त्याला टॅग लावतात, जनावराच्या कानात बिल्ला मारतात तसा, आणि दुसऱ्या राऊटरवर रूट मॅप नावाच्या नियमावलीत "हा बिल्ला दिसला की परत रिपमध्ये सोडू नका" असं लिहून ठेवतात. वर दोन्ही राऊटरांवर ओएसपीएफच्या बाहेरून आलेल्या रूटची पत 110 वरून 125 करतात, म्हणजे उदगीर नांदेडचंच ऐकतं. दहा-बारा ओळींचं काम. अशाने तुम्हाला उदगीरचा प्रवासभत्ता कोण देणार?

त्यापेक्षा उदगीरला जा आणि राऊटर बंद करून चालू करा. हा उपाय खरंच लागू पडतो. उदगीर गप्प झालं की नांदेडला आपली जुनी तीन हॉपची वाट आठवते आणि राऊटर बूट होऊन पुन्हा बोलू लागेपर्यंत किनवट झकास चालतं. तेवढ्यात फोन लावा.

"साहेब, बघा बरं आता."

"हौ, चालू झालं की!"

एवढं ऐकलं की फोन ठेवा आणि लगेच गाडीला किक मारा.