कऱ्हाड नीट लिहिता यायलाच हवं
इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड, शिकायची आता गरज नाही, रोमनमध्ये टाइप केलं की मराठी आपोआप उमटतं, हे मराठी टायपिंगवरच्या लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. मी कऱ्हाडात लोकांचे अर्ज भरून देते. इथे गावाच्या नावातच ऱ्ह आहे आणि शेतकऱ्यांच्या प्रत्येक अर्जात ऱ्य. रोमनमधून लिहिणारी मुलं 'कर्हाड', 'शेतकर्यांना' असंच सोडून देतात, कारण हवा तो पर्याय शोधेपर्यंत समोर माणसं खोळंबतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू, की ऱ्ह तयार. अडचण एवढीच, की इथे मिळणाऱ्या बहुतेक लॅपटॉपच्या कळांवर देवनागरी छापलेलीच नसते. नवीन मुलांना मी आधी स्टिकर लावायला सांगते.

आणि एक मोठी गोष्ट लेखात राहिली. हाच ऱ्ह संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो: नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ला हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका पद्धतीने लिहिलेलं नाव दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडेलच असं नाही. याद्या जुळवताना याचा फार मनस्ताप होतो. सरकारी फॉर्म बनवणाऱ्यांनी दोन्ही रूपं एकच धरायला हवीत. हे काम त्यांचं आहे, अर्जदाराचं नाही.

रुपयाच्या चिन्हाबद्दल विचारणाऱ्यांसाठी: विंडोजमध्ये भारतीय इंग्रजी कीबोर्ड निवडा, मग उजवा ऑल्ट आणि ४. अमेरिकन कीबोर्डवर ते उमटत नाही, कळीवर छापलेलं असलं तरी.