जुन्या पवनचक्क्याच बऱ्या होत्या का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, तुमचं म्हणणं असं की जुन्या पवनचक्क्या साधा इंडक्शन जनरेटर थेट ग्रिडला जोडून चालत होत्या, कन्व्हर्टरच्या (जनरेटर आणि ग्रिडच्या मधलं, विजेची फ्रिक्वेन्सी बदलणारं इलेक्ट्रॉनिक्स) भानगडीने खर्च तेवढा वाढला, ग्रिडला मिळणारी इनर्शिया (फिरत्या जड भागांचा, फ्रिक्वेन्सी सावरून धरणारा जोर) गेली आणि 2016 ला साउथ ऑस्ट्रेलिया अंधारात गेलं ते ह्याच इलेक्ट्रॉनिक्समुळे. इनर्शियाचं सोडलं तर मला हे पटत नाही.

जुन्या मशीनचा स्पीड ग्रिडच्या फ्रिक्वेन्सीला जखडलेला, त्यामुळे वाऱ्याचा जोराचा झोत आला की सगळा दणका गिअरबॉक्सवर. फॉल्टमध्ये (लाइनवर शॉर्टसर्किट वगैरे झालं की) तर अजून वाईट, व्होल्टेज पडलं की जनरेटर पळत सुटतो आणि व्होल्टेज सावरायच्या वेळी नेमकी जास्त रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज टिकवायला लागणारी) ओढून त्याला परत खाली दाबतो.

खर्चाचं म्हणाल तर डीएफआयजीमध्ये (डबली फेड इंडक्शन जनरेटर, कन्व्हर्टरवाल्या पवनचक्क्यांचा एक प्रकार) सगळी पॉवर कन्व्हर्टरमधून जातच नाही हो, स्टेटर (जनरेटरचा स्थिर भाग) थेट ग्रिडला आणि फक्त रोटरची (फिरत्या भागाची) पॉवर कन्व्हर्टरमधून, साधारण 30 टक्के, म्हणजे 2 मेगावॉटच्या मशीनला 600 किलोवॉटच्या आसपासचा पुरतो. दुखणं आहे ते वेगळंच. डिप आला, म्हणजे ग्रिडचं व्होल्टेज क्षणभर पडलं, की रोटरमध्ये करंट उसळतो, कन्व्हर्टरच्या आतल्या डीसी लिंकचं व्होल्टेज चढतं आणि आयजीबीटी (कन्व्हर्टरमधले इलेक्ट्रॉनिक स्विच) जळू नयेत म्हणून क्रोबार नावाचं संरक्षण सर्किट रोटरला रेझिस्टन्समधून शॉर्ट करतं, आणि तेवढा वेळ ते मशीन तुमच्या त्या जुन्या इंडक्शन जनरेटरसारखंच वागतं!

आता साउथ ऑस्ट्रेलिया. 28 सप्टेंबरच्या वादळात ट्रान्समिशनचे टॉवर कोसळले आणि दोन मिनिटांत सहा व्होल्टेज डिप आले. बऱ्याच टर्बाइनच्या कंट्रोलमध्ये सेटिंग होतं की थोड्या वेळात ठराविक डिप झाले की पॉवर कमी करायची किंवा बंद व्हायचं, कन्व्हर्टर काही जळले नव्हते. 456 मेगावॉट गेले, तो भार व्हिक्टोरियाकडून येणाऱ्या हेवूड इंटरकनेक्टरवर (दोन राज्यांना जोडणाऱ्या लाइनवर) पडला, तो ट्रिप झाला आणि सगळं राज्य बंद. ग्रिड चालवणाऱ्यांना ह्या सेटिंगची माहितीच नव्हती, मला राग येतो तो ह्याचा. नंतर सेटिंग बदललं, मशीन तीच राहिली.

इनर्शियाचा तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. कन्व्हर्टर मध्ये आला की फिरत्या पात्यांची इनर्शिया ग्रिडला आपोआप मिळत नाही, ती कंट्रोलमधून मुद्दाम द्यावी लागते. म्हणूनच तिथे पुढे फ्लायव्हील लावलेले चार सिंक्रोनस कंडेन्सर (ग्रिडच्या तालात फिरणारी, वीज न बनवणारी जड मशीन) बसवले, डेव्हनपोर्टला दोन आणि रॉबर्टस्टाउनला दोन. पवनचक्क्यांमधले कन्व्हर्टर कोणी काढले नाहीत.